बाळ पाळणाघरात जातं तेव्हा : कल्याण-डोंबिवलीच्या आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त,
कल्याण-डोंबिवली महानगरपालिका यांस,



मी डोंबिवली पूर्वेला राहत्या घरात पाळणाघर चालवते. आपल्याकडे येणारी बहुतेक पत्रं खड्ड्यांची, पाण्याची, कचऱ्याची असतील. माझं मागणं वेगळं आहे. आमच्यासारख्या पाळणाघरांची महापालिकेने नोंद करावी, आधी न कळवता येऊन ती तपासावीत, आणि ज्यांचं बाळ पहिल्यांदाच पाळणाघरात जाणार आहे अशा आईबाबांसाठी महापालिकेच्या नावाने एक पान छापावं. पहिल्या काही महिन्यांत काय काय होईल आणि आमच्याकडून त्यांनी काय हक्काने मागून घ्यावं, एवढंच त्या पानावर असावं.

पाळणाघर चालवणारी बाईच तपासणी मागते, याचं कुणाला नवल वाटेल. पण आमच्या दारात येणारी आई किती थोड्या माहितीवर आपलं बाळ सोपवून जाते हे आम्ही रोज बघतो. शेजारणीने सांगितलेलं असतं, ‘काकू चांगल्या आहेत, घर स्वच्छ आहे.’ तेवढ्यावर ती येते. महिन्याचे किती, उशीर झाला तर जादा किती, शनिवारी चालू असतं का, हे ती विचारते. मदतीला किती बायका आहेत, दुपारी मी बँकेत गेले तर मुलांपाशी कोण असतं, बाळाला झोपवता कसं, हे विचारणारी क्वचित भेटते. विचारलं तर मला राग येईल असं तिला वाटतं. रजा संपायला आठ दिवस उरलेले असतात आणि दुसरीकडे जागा नसते, म्हणून ती गप्प बसते.

हे डोंबिवलीत इतक्या मोठ्या प्रमाणावर का होतं ते आपल्याला ठाऊक आहे. हे गाव रेल्वेवर जगतं. सीएसएमटीपर्यंत साधारण ४८ किलोमीटर, फास्ट लोकल मिळाली तरी तासाच्या वर प्रवास, त्याआधी रिक्षाची रांग आणि त्यानंतर बस. दहा वाजता फोर्टात हजर व्हायचं तर आठच्या आत घर सोडावं लागतं. संध्याकाळी परतायला साडेसात, कधी आठ. म्हणजे जागेपणीचे बहुतेक तास ते बाळ आमच्याकडे असतं. नव्या इमारतीत जागा घेतलेली असते, तिच्या हप्त्यासाठी दोघांनाही नोकरी करणं भाग असतं, आणि आजी-आजोबा सातारला, रत्नागिरीला किंवा जळगावला.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. फार मोलाचं काम झालं ते. मात्र त्या २६ आठवड्यांतले आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात, आणि डोंबिवलीच्या बाईला त्यातले बरेचसे घ्यावेच लागतात. नवव्या महिन्यात सकाळच्या फास्टच्या लेडीज डब्यात चढणं म्हणजे काय असतं, हे त्या डब्यातून प्रवास केलेल्या कुणालाही विचारावं. सहा-आठ आठवडे असे गेले की बाळाच्या वाट्याला उरतात चार-साडेचार महिने. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त आईचं दूध. आई कामावर हजर होते ती त्याच्या दीड-दोन महिने आधी. या दीड-दोन महिन्यांचं काय करायचं, हे तिला कुणीच समजावून सांगितलेलं नसतं.

त्याच कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करायला सांगितलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. हेतू उत्तम आहे. पण डोंबिवलीच्या आईने पाच महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन सकाळी आठच्या लोकलने फोर्टच्या ऑफिसात जायचं कसं? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळणाघर कामाच्या ठिकाणी किंवा पालकांच्या वस्तीत, ५०० मीटरच्या आत असावं, असं त्यात सांगितलं आहे. आमच्या आयांना वस्तीतलंच लागतं. म्हणून हा प्रश्न मुंबईतल्या कंपन्यांवर सोपवून चालणार नाही. तो आपल्या महापालिकेचा आहे.

आता त्या पानावर काय असावं, ते अनुभवाने सांगते.

सर्वांत आधी रुळण्याचे दिवस. पहिल्याच सोमवारी आठ ते आठ बाळ ठेवून जाणं ही बाळाला आणि आईला दोघांनाही शिक्षा असते. पहिल्या दिवशी आईने बाळासोबत तासभर येऊन बसावं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्धा तास बाहेर जाऊन परत यावं. मग एक दूध आमच्या हातून, मग दुपारची एक झोप आमच्याकडे, आणि नंतर पूर्ण दिवस. याला आठवडा लागतो, कधी दोन. तेवढे दिवस रजा संपायच्या आत बसवावे लागतात, आणि नेमकं हेच आधी माहीत नसतं. जिथे आईची रजा संपलेलीच आहे, तिथे बाबांनी यावं. केंद्र सरकारी नोकरीतल्या वडिलांना १५ दिवसांची पितृत्व रजा असते आणि ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. बहुतेक ठिकाणी बारशापर्यंतच ती संपते. शक्य असेल त्यांनी ती या आठवड्यासाठी राखून ठेवावी. आमच्याकडे बाबा येऊन बसले तेव्हा बाळं छान रुळलेली मी पाहिली आहेत, आणि पुढे बाळ आजारी पडलं तर न्यायला आपणही जाऊ शकतो हे त्या बाबांच्या लक्षात राहिलेलंही पाहिलं आहे.

रडण्याबद्दल आयांना फार चुकीच्या कल्पना असतात. चार-पाच महिन्यांचं बाळ बहुधा कुणाहीकडे जातं, हसतं, दूध पितं. आईला वाटतं, सुटले. मग आठव्या-नवव्या महिन्यात तेच बाळ एके दिवशी दारातच हंबरडा फोडतं, माझ्याकडे यायलाच तयार होत नाही. आई घाबरते. काकूंनी मारलं का, मदतीच्या मावशींनी खोलीत कोंडलं का, असं तिच्या मनात येतं. तिने तशी शंका घ्यावी, विचारावं, मला त्यात अपमान वाटत नाही. पण आधीच सांगितलेलं असेल, की साधारण सात-आठ महिन्यांपासून बाळाला आई वेगळी कळायला लागते, ती नजरेआड गेली तरी कुठेतरी आहे हे कळायला लागतं आणि म्हणून ते तिला हाक मारतं, तर ती त्या सकाळी लोकलमध्ये डोळे पुसत उभी राहणार नाही. ही अवस्था पहिल्या वाढदिवसाच्या मागेपुढे जोरात असते, दीड वर्षानंतर हळूहळू निवळते. जे बाळ पहिल्यांदा येतं तेच नवव्या-दहाव्या महिन्यात, त्याला रुळायला म्हणूनच जास्त वेळ लागतो.

बाळाचं लक्ष नाही असं पाहून गुपचूप निघून जाऊ नये. घरची मोठी माणसं हा सल्ला देतात, प्रेमानेच देतात. पण असं फसवून गेलं की बाळ दुसऱ्या दिवसापासून आईला क्षणभरही सोडत नाही, कारण ती कधी नाहीशी होईल याचा त्याला भरवसा राहत नाही. ‘येते हं संध्याकाळी’ म्हणावं, पापा घ्यावा, बाळ हातात द्यावं आणि निघावं. दारात पुन्हा पुन्हा वळू नये. आई गेल्यावर पाच-दहा मिनिटांत बहुतेक बाळं शांत होतात. झाली की नाही, हे आईने फोन करून विचारावं आणि आम्ही खरं सांगावं. संध्याकाळी आईला पाहून बाळ पुन्हा रडतं, कधी तोंड फिरवतं. दिवसभर आवरून धरलेलं ते तिच्यापाशी मोकळं होतं. त्याचा अर्थ बाळाचे हाल झाले असा लगेच लावू नये.

पहिले दोन-तीन आठवडे घरची झोपही बिघडते. रात्री दोनदा उठणारं बाळ पाचदा उठतं, अंगावर जास्त पितं. दिवसा न मिळालेली आई ते रात्री वसूल करतं.

दुधाची गोष्ट मोठी आहे. आईचं काढून ठेवलेलं दूध खोलीच्या तापमानाला साधारण चार तास टिकतं, एप्रिल-मेच्या डोंबिवलीत त्याहून कमीच धरावं. फ्रिजमध्ये ते एक दिवस सुखाने राहतं. महावितरणचं दुरुस्तीसाठी शटडाऊन असलं की आम्ही बर्फाची पेटी तयार ठेवतो, आणि तशी सोय आहे का हे प्रत्येक आईने विचारलं पाहिजे. दूध कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करावं, गॅसवर उकळू नये. बाटली नाकारणारी बाळं पुष्कळ असतात. त्यांना वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येतं. वेळ जास्त लागतो, पण पोट भरतं, आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा स्वच्छ ठेवायला सोपा. ऑफिसात दूध काढायला वेळ मिळत नाही अशी बहुतेकींची तक्रार असते. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी विराम देण्याची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. बाळ ४८ किलोमीटर लांब असलं तरी त्या विरामात दूध काढता येतं. मी हे सांगते तेव्हा बँकेतल्या, विम्यातल्या, शिकलेल्या मुली माझ्याकडे बघत राहतात.

सहा महिन्यांनंतर वरचं सुरू होतं. नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, खिमट, कुस्करलेलं केळं. नवा पदार्थ आधी घरी दोन-तीन दिवस देऊन पाहावा, मगच आमच्याकडे पाठवावा, म्हणजे पुरळ कशाने उठलं ते कळतं. वर्षाच्या आत मध चाटवू नये, आणि मोठ्या मुलांच्या डब्यातले शेंगदाणे-फुटाणे बाळाच्या हाती लागता कामा नयेत. एवढं पानावर ठळक असावं.

आजारपणाचं मात्र मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आई-बाबांचं आणि आमचं सर्वांत जास्त बिनसतं ते इथे.

पाळणाघरात येणारं बाळ पहिल्या वर्षात सारखं आजारी पडतं. महिन्या-दीड महिन्याला सर्दी-खोकला, मधूनच जुलाब, पावसाळ्यात हात-पाय-तोंडावर फोड येणारा तो संसर्ग, एकाला झाला की चौघांना. घरी राहणाऱ्या बाळाच्या वाट्याला हेच पुढे बालवाडीत येतं. कुणाचा दोष नसतो. पण आईला वाटतं काकू स्वच्छता ठेवत नाहीत, सासरचे म्हणतात नोकरी सोड, आणि बाबा म्हणतात पाळणाघर बदलू. पहिल्या चार महिन्यांत दोन पाळणाघरं बदललेली बाळं मी पाहिली आहेत. त्या बाळांचं रुळणं प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होतं.

आणि मग ती सकाळ येते. बाळाला रात्रीपासून ताप आहे. आईच्या रजा संपल्या आहेत, बाबांचं ऑडिट चालू आहे. सकाळी सात वाजता तापाचं औषध पाजून बाळ आमच्याकडे येतं, अंग गार, चेहरा मलूल. अकराच्या सुमाराला औषधाचा असर उतरतो आणि कपाळ तापतं. आई तोवर मशीद बंदरला पोचलेली. मी फोन करते, ती रडते, मी चिडते. हे किती पाळणाघरांत किती वेळा घडत असेल! त्या आईला मी दोष देत नाही. आजारी मुलासाठी वेगळी रजा नसेल तर ती आणखी काय करणार? तरी नियम स्पष्ट हवा आणि तो आमच्या तोंडून नको, महापालिकेच्या तोंडून हवा : ताप असेल, उलट्या-जुलाब असतील, अंगावर पाण्याचे फोड असतील तर बाळाला आणायचं नाही. औषध न देता २४ तास ताप आलेला नसेल तेव्हाच परत आणायचं. सकाळी औषध दिलं असेल तर ते सांगायचं, कारण न सांगता दिलेल्या औषधावर आम्ही पुन्हा तेच दिलं तर मात्रा दुप्पट होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही कुठलंही औषध पाजायचं नाही. यात सर्दीचं ते गुंगी आणणारं औषधही आलं. ते बाळं झोपवण्यासाठी वापरलं जातं अशी भीती पालकांच्या मनात असते आणि ती भीती निराधार आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. संध्याकाळी न्यायला गेल्यावर बाळ रोज गुंगीत मिळत असेल, हाक मारली तरी डोळे उघडत नसेल, तर तडक डॉक्टरकडे जावं.

सावध व्हायच्या आणखी खुणा आहेत. महिना उलटला तरी बाळ दिवसभर रडतं, दूध टाळतं, वजन वाढत नाही. विचारल्यावर दरवेळी निराळं उत्तर मिळतं. दारातूनच बाळ हातात दिलं जातं, आत येऊ देत नाहीत. आणि जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर वळ किंवा निळा डाग दिसणं. न हलणारं बाळ आपटत नाही. यासाठी पहिल्याच दिवशी बाळाचं अंग आईसमोर पाहून जन्मखुणा लिहून ठेवाव्यात. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या पाठीवर-ढुंगणावर जन्मतः निळसर डाग असतात, पुढे त्यावरून गैरसमज होतो.

आयुक्तसाहेब, हे मी उगीच भिववायला लिहीत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला तिथल्या बाईने मारलेलं साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. पाहिलं, कारण तिथे कॅमेरा होता. तरी मार थांबला नाही, नंतर फक्त तो दिसला. म्हणून ‘सीसीटीव्ही बसवला आहे’ एवढ्यावर पालकांनी समाधान मानू नये आणि महापालिकेनेही नाही. कॅमेरा हवाच. पण त्याचं चित्रण कुणीतरी नियमाने बघायला हवं, आणि तेही सगळ्या पालकांच्या मोबाइलवर दिवसभर उघडं नको. तिथे इतरांची उघडी-नागडी बाळंही असतात. पुढे २०२४ साली आपल्या डोंबिवलीतल्याच एका पाळणाघरातल्या मारहाणीच्या तक्रारीवर पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराने लोक रुळांवर उतरले. शाळांना कॅमेऱ्याचे आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचे आदेश निघाले. पुढच्या वर्षी शिक्षण खात्याने तीन ते सहा वयाच्या मुलांच्या खासगी केंद्रांना नोंदणी करायला सांगितलं. सहा महिन्यांचं बाळ त्या वयोगटात बसत नाही. ज्याला बोलून सांगता येत नाही तेच नेमकं बाहेर राहिलं.

मार्गदर्शक सूचना २०१८ सालच्या आहेतच, त्यांचा उपयोग व्हायला हवा. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई आणि जोडीला मदतनीस, प्रत्येक मुलाला किमान १० ते १२ चौरस फूट जागा, शक्यतो तळमजला, मुलं असताना प्लंबर-इलेक्ट्रिशियनला आत प्रवेश नाही. वाचायला साधं वाटतं. पण न चालणारी दहा बाळं एका बाईने सांभाळायची हे मला मान्य नाही, आपण आपलं प्रमाण आणखी कमी ठेवावं. कारण सांगते. २३ मे २०२४ ला दुपारी आपल्या डोंबिवली एमआयडीसीत अमुदान कंपनीत स्फोट झाला, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २०१६ च्या मे महिन्यातही प्रोबेस कंपनीत तसाच स्फोट झाला होता. दोन्ही स्फोट दिवसा झाले, पाळणाघरं चालू असतात त्याच वेळेत. एक बाई दोन बाळं उचलून जिना उतरू शकते, दोनच. उरलेली कोण उचलणार? दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत आमची पाळणाघरं आहेत. इथे मला सरसकट बंदी नको आहे. बंदी घातली तर ती दाराआड चालू राहतील. वरच्या मजल्यावर असाल तर बाळं कमी घ्या, असा नियम करता येईल.

झोपवण्याचा नियमही लिहून हवा. बाळ पाठीवर झोपवायचं, पालथं नाही, तोंडाजवळ उशी नको, जाड दुलई नको, आणि झोपलेल्या बाळांच्या खोलीत एक बाई जागी हवी. गाड्या बंद पडल्या तर काय, हेही. २६ जुलै २००५ च्या रात्री हजारो माणसं मुंबईत आणि वाटेत अडकली होती. लहानसहान खोळंबे तर दर पावसाळ्यात होतात. बाळाला नेण्यासाठी आई-बाबांखेरीज दोन जवळची नावं, फोटोसह, पाळणाघरात लिहिलेली असावीत. त्यातलं कुणी नसेल तर बाळ आमच्याकडेच राहील, कितीही वाजोत.

अशा कामाला महापालिकेने हात घालायचा का, असा प्रश्न एखादा अधिकारी विचारील. त्याला कोसबाडची आठवण करून द्यावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ ला ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तेव्हा तो सगळा भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. वारली मुली शाळेत का येत नाहीत, तर कडेवर धाकटं भावंड असतं, हे त्यांनी ओळखलं, आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असणारी विकासवाडी उभी केली. ताराबाईंच्या अंगणवाडीची कल्पना १९७५ नंतर देशभर गेली. लहान बाळाचा सांभाळ ही घराइतकीच समाजाची जबाबदारी आहे, हे या जिल्ह्याने पाऊणशे वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे.

कडेवर बाळ घेतलेल्या त्या मुली आजही आहेत. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची दोन वर्षांची नात त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीजवळ असते, शाळा बुडवून. मी दुसऱ्यांची बाळं त्यांच्या हातांनी सांभाळते आणि त्यांचं बाळ घरी राहतं. माझ्या दराचं पाळणाघर त्यांना परवडणार नाही. केंद्राच्या मिशन शक्तीत ‘पाळणा’ योजना आहे, तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. आपल्या हद्दीतल्या अंगणवाड्यांसाठी महापालिकेने जागा द्यावी, महिला व बालकल्याण विभागाने पाठपुरावा करावा. स्टेशनजवळ पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक, एवढी दोन जरी महापालिकेची पाळणाघरं निघाली, तरी चांगलं पाळणाघर कसं असतं ते आम्हा खासगीवाल्यांनाही डोळ्यांनी बघता येईल.

नोंदणीला आम्ही विरोध करू अशी भीती नको. फी परवडेल अशी ठेवा, घरगुती पाळणाघराला कारखान्याचे नियम लावू नका, आणि नोंदणीबरोबर आम्हाला प्रशिक्षण द्या : घशात काही अडकलं तर काय करायचं, भाजलं तर काय, आकडी आली तर काय. शास्त्रीनगर रुग्णालयात वर्षातून दोन शनिवार हा वर्ग घेतला तर आम्ही सगळ्या येऊ. नोंदणी झालेल्यांची यादी प्रभाग कार्यालयात लावा, तक्रारीसाठी एक फोन नंबर द्या. जिला हे नको असेल तिने हा व्यवसाय करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिलं ते पान. ते कुठे वाटायचं, याचं उत्तर आपल्याच आरोग्य केंद्रांत आहे. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी लस असते. साडेतीन महिन्यांच्या लसीला येणारी आई अजून रजेवर असते. तेव्हाच ते तिच्या हातात पडलं तर पाळणाघर शोधायला, चार ठिकाणी जाऊन प्रश्न विचारायला आणि रुळण्याचा आठवडा रजेत बसवायला तिला वेळ मिळेल. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांनाही ते द्यावं. छपाईचा खर्च फार नाही. मजकुरासाठी एक डॉक्टर, एक अंगणवाडी सेविका, नोकरी करणारी एक आई आणि पाळणाघर चालवणारी एक बाई अशा चौघींना एका टेबलाभोवती बसवा. मी यायला तयार आहे. तपासणीची सुरुवातही माझ्या घरापासून केलीत तर माझी हरकत नाही, फक्त दुपारी एक ते तीन बाळं झोपलेली असतात, तेव्हा बेल वाजवू नका, दार ठोठावा.

आज आपल्या शहरात ज्या आया रजेवर आहेत त्यांच्यातल्या कित्येकींची रजा पुढच्या महिन्यात संपते. त्याआधी हे पान छापा.

कळावे,
आपली,
पाळणाघर चालवणारी एक नागरिक
डोंबिवली (पूर्व)